गाडी धुण्याचा खुलासा

सरकारी नोकरीत माणसाला मोटार लवकर मिळते. स्वतःची मोटार मात्र फार उशिरा. आमचेच पाहा. पांढऱ्या ॲम्बॅसडरच्या मागच्या आसनावर बसून आम्ही अर्धे छत्तीसगड पालथे घातले. 2014 साली त्या गाडीचे उत्पादन थांबले. मग दुसऱ्या आल्या, त्याही सरकारी आणि त्याही पांढऱ्याच. रोज सकाळी दारात उभी राही ती गाडी स्वच्छच असे. ती स्वच्छ कशी होते, हा प्रश्न आम्हांला एवढ्या वर्षांत एकदाही पडला नाही. सूर्य उगवतो तशी गाडी स्वच्छ होते, अशीच काहीशी आमची समजूत असावी.

निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना आम्ही स्वतःची गाडी घेतली. रंग गडद निळा. पांढऱ्याचा अगदी वीट आला होता. परंतु रायपुरात गडद रंगाची गाडी घेणे म्हणजे काय, हे तिसऱ्याच दिवशी कळले. शहराच्या उत्तरेला सिलतरा, उरला या बाजूस स्पंज आयर्नचे आणि पोलादाचे कारखाने आहेत. थंडीत वारा तिकडून येतो. गच्चीवरच्या वाळत्या कपड्यांवर जी काळी भुकटी बसते, तीच गाडीवरही बसली. तिच्यात लोखंडाचा अंश इतका की लोहचुंबक फिरवला तर कण त्याला चिकटून केसांसारखे उभे राहतात.

आम्ही कोरडे फडके घेतले आणि मोठ्या प्रेमाने गाडी पुसून काढली. दुपारी ऊन बॉनेटवर आले, तेव्हा त्या निळाईत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा चमकू लागल्या. लोखंडाच्या कणांनी आम्ही स्वहस्ते आमच्या नव्या गाडीला घासणी दिली होती! सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. त्यांचे न बोलणे अधिक लागते.

अशा वेळी आठवण झाली ती आमच्या जुन्या चालकाची. अकरा वर्षे त्याने आमची गाडी हाकली. आता तो निवृत्त होऊन आरंगकडच्या आपल्या गावी शेती पाहतो. दूरध्वनीवर त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "साहेब, पहिली पानी, तेखर पाछू हाथ." आधी पाणी, मग हात. एवढेच.

हे वाक्य ऐकताच आम्हांला दुसरे एक वाक्य आठवले. फार वर्षांपूर्वी तो एकदा पंचवीस मिनिटे उशिरा आला आणि आम्ही त्याच्याकडे लेखी खुलासा मागितला. त्याने एका ओळीत लिहून दिले, 'गाड़ी धो रहा था.' आम्ही त्यावर 'खुलासा समाधानकारक नाही' असा शेरा मारला, आणि तो शेरा त्याच्या फाइलीत गेला.

त्या रविवारी आम्ही पहाटेच उठलो. गाडी सावलीत धुवावी, पत्रा तापलेला नसावा, असा नियम आहे. नळीने पाणी सोडून आधी सगळी धूळ वाहून जाऊ दिली. दोन बादल्या घेतल्या, एक साबणाची, दुसरी मळके फडके खळबळायला. साबण गाडीचाच, भांड्यांचा साबण असलेले मेणही खरवडून नेतो. वरून खाली यावे, चाके शेवटी. मग लगेच टॉवेलने टिपावे, कारण आमच्याकडचे बोअरचे पाणी चुनखडीच्या थरांतले. ज्या दगडावर बलौदाबाजारचे सिमेंट कारखाने चालतात, त्याचाच अंश पाण्याबरोबर येतो आणि वाळला की पांढरे ठिपके ठेवतो.

एवढे झाल्यावर पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून तो पत्र्यावरून फिरवला. आश्चर्य असे की, डोळ्यांना लख्ख दिसणारी गाडी बोटांना खरखरीत लागली. रंगात रुतून बसलेले ते लोहकण! त्यांच्यासाठी एक द्रव मिळतो. लोखंड भेटले की तो जांभळा होऊन ओघळतो. उरलेले कण खास मातीच्या मऊ गोळ्याने, पत्रा ओला ठेवून, उचलायचे. यातच तास गेला.

पॉलिशचा डबाही आम्ही आणला होता. तो आम्ही फारसा वापरला नाही. हल्लीच्या गाडीत रंगावर एक पारदर्शक थर असतो, केसाहूनही पातळ. पॉलिश त्यातलाच अंश घासून रेघा बुजवते. म्हणजे पॉलिश घेते आणि मेण देते. बॉनेटच्या रेघांपुरते घेऊ दिले, बाकीच्या गाडीला नुसते मेण. हे मेण कार्नोबा नावाच्या ताडाच्या पानांवरचे. ब्राझीलच्या ईशान्य भागात कोरड्या ऋतूत ते झाड आपले पाणी उडून जाऊ नये म्हणून पानांवर मेण धरते. ते अगदी पातळ लावावे, धुरकट दिसू लागले की स्वच्छ फडक्याने पुसावे. शेवटी घड्याळ पाहिले. साडेतीन तास! आणि आम्ही पंचवीस मिनिटांचा खुलासा मागितला होता.

पुढच्या आठवड्यात तो शहरात आला, तेव्हा मुद्दाम घरी आला. त्यांच्याकडे हरेलीला शेतकरी नांगर-कुदळ धुऊन पुजतात. त्याच अमावास्येला आपल्या घरी दिवे घासून पुजतात, हे सौभाग्यवतींनी त्याला सांगितले; तो हसला. मग गाडीभोवती एक फेरी मारून त्याने बॉनेटवर पालथा हात फिरवला. मागचे दार उघडले, वाकून पाहिले आणि फडके मागितले. दाराच्या खालच्या कडेला चिखल तसाच होता. तिथे आमचा हातच पोचला नव्हता. त्याने तो पाणी लावून, भिजू देऊन, हलकेच काढला.

पायरीवर बसून आम्ही दोघांनी चहा घेतला. तो शेऱ्याचा विषय आम्ही काढणार होतो, शब्दही जुळवले होते. तेवढ्यात तो गाडीकडे पाहत म्हणाला, "बने गाड़ी हे, साहेब. एव्हरेज कतका देथे?"

आम्ही एव्हरेज सांगितला.