डी ड्राइव्हचा भरवसा

सातारा, रविवार रात्री

चि. केदार,


तुझा फोन आल्यापासून चित्त थाऱ्यावर नाही. घरच्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जोडीला लिनक्स टाकतोयस, हे ऐकून आनंदच झाला. पण ‘अण्णांचं सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे मामा, तिकडे मी हातच लावणार नाही,’ असं तू इतक्या सहज म्हणालास, की पुढे काय बोललास ते माझ्या कानात शिरलंच नाही. ताई शेजारी होती म्हणून गप्प बसलो. आता ऐक.

अरे, डी ड्राइव्ह ही काय वेगळी वस्तू आहे का? डिस्क एकच. दुकानदाराने तिच्यावर रेघ मारून दिली, अलीकडे सी, पलीकडे डी. आपल्याकडे घरोघरी हाच समज. लग्नाचे फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन, पोरांच्या मार्कशीटा ‘डी’त टाकल्या की माणसं निर्धास्त. विंडोज बिघडलं, सी पुसून नव्याने भरली आणि डी वाचली, असं एकदा घडलं की भरवसा पक्का होतो. पण डिस्कच बसली तर दोन्ही एकदमच जातात. आणि तू तर ती रेघच सरकवायला निघालायस!

हात लावणार नाही म्हणतोस, पण कशाला? लिनक्समध्ये सी आणि डी ही नावंच नसतात. तिथे तुला एसडीए१, एसडीए२ अशी ओळ दिसेल. त्यातली अण्णांची कोणती, हे आकारावरून ताडायचं. म्हणून आधी विंडोजमध्ये कोणता भाग किती जीबीचा आहे ते कागदावर लिहून काढ. मोबाइलमध्ये नको, कागदावर. लिनक्स भरताना एका पडद्यावर दोन पर्याय जवळजवळ असतात: विंडोजला धक्का न लावता शेजारी बसव, किंवा सगळी डिस्क पुसून बसव. तिथे पुढे-पुढे करत बटणं दाबायची तुझी सवय मला ठाऊक आहे. मुरुडच्या घरातल्या इन्व्हर्टरचं काय झालं होतं, ते मी अजून ताईला सांगितलेलं नाही.

तू विचारलं होतंस, आधी कोण? आधी विंडोज, मागून लिनक्स. विंडोज भरताना ते स्वतःलाच पुढे उभं करतं. लिनक्सचा ‘ग्रब’ मात्र विंडोजलाही यादीत घेतो आणि चालू करताना विचारतो, कुठे जायचं? तुमच्याकडे विंडोज आहेच, तेव्हा हा प्रश्न सुटला. विंडोज यूईएफआयने सुरू होत असेल तर लिनक्स भरायचा पेनड्राइव्हही तसाच सुरू कर. जागा मोकळी करायची ती विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून. ‘फास्ट स्टार्टअप’ बंद कर, कारण ते चालू असलं की विंडोज पुरतं बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि त्या अवस्थेत लिनक्सने त्याच्या भागात लिहायला जाणं धोक्याचं. बिटलॉकर चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी उतरवून ठेव. घड्याळाचंही सांगून ठेवतो. लिनक्स मशीनचं घड्याळ यूटीसीवर ठेवतं, विंडोज त्यालाच इथली वेळ समजतं. त्यामुळे सकाळी दहाला विंडोज साडेचार दाखवेल. घाबरू नकोस, सेटिंगने जुळतं.

आणि वीज! भाग लहान-मोठे होत असताना लाइट गेली तर काय, याचा विचार केलायस? तुमचा यूपीएस नुसता शोभेला आहे, बॅटरी बदलून घे.

बाकी बेत शहाणपणाचा आहे. तुमचा सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, म्हणून धडधाकट मशीन भंगारात काढायचं हे मला पटत नाही. बँक आणि इंटरनेट लिनक्सवर कर. अण्णांच्या जुन्या डीटीपीसाठी विंडोज ठेव, पण नेट तोडून.

खरी काळजी पुढेच आहे. अण्णांनी नीरेच्या कालव्यावरच्या पाटकऱ्यांच्या आठवणी टाइप केल्या, त्या जुन्या फॉन्टमध्ये. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघड, रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिवडा दिसतो. म्हणजे लिनक्सवर फाइल सुखरूप पोचली तरी मजकूर पोचला असं नाही. विंडोज चालतंय तोवर प्रत्येक फाइलची पीडीएफ काढ. मग कन्व्हर्टरने युनिकोड कर आणि पीडीएफ शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून बघ. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. कन्व्हर्टरची गाडी वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं इथेच घसरते. पाटकऱ्यांची नावं आणि चाऱ्यांचे आकडे यांवर विशेष लक्ष ठेव. ते तपासायला अण्णा आता नाहीत.

माझं तर म्हणणं असं, की घरातला मजकूर कुठल्याच एका सिस्टिमच्या ओटीत घालू नये. विंडोज असो, लिनक्स असो, उद्या आणखी काही येवो. साध्या युनिकोड मजकुरात एक प्रत, पीडीएफची एक, आणि दोन्ही दुसऱ्या घरात. लोक सिस्टिमवरून भांडत बसतात आणि आजोबांची वही कुणालाच उघडता येत नाही. किती घरांतली मराठी अशी फॉन्टात अडकून पडली आहे! तुमच्या पिढीने हे नाही केलं, तर कोण करणार?

असो, भाषण झालं. तर येत्या रविवारी लिनक्स नाही. आधी बाहेरची हार्ड डिस्क आण, अण्णांचं फोल्डर तिच्यावर उतरव, ती दुसऱ्या कॉम्प्युटरला लाव आणि त्यातल्या चार फायली उघडून वाच. नुसती कॉपी झाली, एवढ्यावर समाधान मानू नकोस. मग एक प्रत माझ्याकडे साताऱ्याला पाठव. ती इथे उघडली की मी फोन करीन. तोवर पेनड्राइव्ह लावू नकोस, एवढं माझं ऐक.

तुझा,
मामा