साहेब, आटे गेलेत

जुनी बाइक सर्व्हिसिंगला टाकली आणि मेकॅनिकचा "साहेब, आटे गेलेत" असा फोन आला, की पुढचं वाक्य पैशांचं असतं. मला ऐकायला मिळालेलं वाक्य होतं, "इंजिनाचा खालचा चेंबरच बदलावा लागेल."

गाडी बाबांची. १९९७ची हीरो होंडा स्प्लेंडर, एमएच-१६ म्हणजे नगर पासिंग (आता अहिल्यानगर म्हणायचं). माझ्यापेक्षा वयाने थोडी मोठीच. खराडीत नोकरी लागल्यावर मी ती नगर रोडने इकडे आणली. ऑइल काढायच्या बोल्टचे आटे गेले होते, म्हणजे बोल्ट नुसता गोल फिरायचा, घट्ट व्हायचाच नाही. आधीच्या कुठल्यातरी गॅरेजमध्ये कोणीतरी त्यावर टेफलॉन टेपचा गोळा गुंडाळून वेळ मारून नेली होती. (आमच्या क्षेत्रात याला 'हॉटफिक्स' म्हणतात.)

आता यातली गोम अशी. तो बोल्ट ज्या क्रँककेसमध्ये बसतो, त्याच क्रँककेसवर इंजिन नंबर कोरलेला असतो. पंधरा वर्षं झालेल्या खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी पुन्हा करावं लागतं आणि तेव्हा आरसी बुकातला नंबर आणि इंजिनावरचा नंबर जुळतो का ते बघतात. चेंबर बदला म्हणजे नंबर बदला, म्हणजे आरटीओत नोंद करा, जुन्या बाजारातून आणला असेल तर तो मुळात कोणाच्या गाडीचा होता हेही सांगा. दहा-वीस रुपयांच्या बोल्टमुळे बाबांची गाडी कागदावर 'वेगळी' होणार! मला हे काही पटेना. म्हटलं, आधी नक्की काय गेलंय ते तरी बघू.

आटे दोन ठिकाणी असतात. बोल्टवरचे बाहेरून आणि भोकातले आतून. आपण सगळे बोल्टकडे बघतो, कारण तो हातात येतो. पण बोल्ट लोखंडाचा, टणक आणि नाना पेठेत सहज मिळणारा. भोक मात्र मऊ अॅल्युमिनियममध्ये आणि एकुलतं एक. दोघांची मारामारी झाली की हरतं ते भोकच. बाहेर काढलेल्या बोल्टच्या खाचांत चंदेरी स्प्रिंगसारखं काही अडकलेलं दिसलं, तर तो कचरा नसतो. ते भोकातले आटेच असतात, सोलून बाहेर आलेले.

म्हणून पहिला प्रश्न : मळलेत की मेलेत? बोल्ट डिझेलमध्ये बुडवून तारेच्या ब्रशने घासायचा. भोकात मात्र तारेचा ब्रश नाही, जुना टूथब्रश. मग टॉर्च मारून बघायचं. जळकं ऑइल, माती, गंज यांनी भरलेले आटे मेल्यासारखे दिसतात, पण खाली धडधाकट असतात. अशा वेळी बरेच जण सरळ टॅप मारतात आणि माझा आक्षेप तिथेच आहे. टॅप हे कापायचं हत्यार आहे. जरा तिरका गेला तर मळाबरोबर चांगलं अॅल्युमिनियमही कापून टाकतो. नुसती सफाई करायची तर हे घरी होतं : त्याच मापाचा एक जादा बोल्ट घ्यायचा, हॅक्सॉने त्याच्या लांबीला तीन-चार चरे पाडायचे, कडांची बर कानशीने काढायची आणि चऱ्यांत ग्रीस भरायचं. हा बोल्ट भोकात फिरवला की मळ चऱ्यांत गोळा होतो आणि आटे कापले जात नाहीत.

आणि फिरवताना आधी उलटा! हलकेच दाबून उलट्या दिशेने फिरवत राहायचं. एका जागी 'टक्' असा बारीक झटका जाणवतो, बोल्ट किंचित खाली बसतो. तिथे दोन्ही आट्यांची सुरुवात जुळलेली असते. तिथून सुलट, तेही नुसत्या बोटांनी. पहिल्या दोन फेऱ्यांना पाना लागला तर काहीतरी चुकतंय.

काय चुकत असेल? बऱ्याचदा माप. माझ्या स्प्लेंडरचा हा बोल्ट १२ मिलिमीटरचा, दीडचा पिच. बाजारात १२चा साधा बोल्ट मागितला तर पावणेदोनचा पिच हातात पडतो. तो दोन फेऱ्या जातो, अडकतो, आणि मग पाइप लावून कोणीतरी तो 'बसवतो'. ऑफिसातल्या एका मित्राच्या जुन्या बुलेटवर तर ही गंमत आणखी पुढे आहे. १९५५पासून मद्रासमध्ये बनत आलेली ही मूळची ब्रिटिश गाडी, त्यामुळे जुन्या इंजिनांत इंचातले आटे. जोसेफ व्हिटवर्थने १८४१मध्ये आट्याचा कोन ५५ अंश ठरवला, मेट्रिकचा ६० अंश. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, ८च्या बोल्टला अगदी चकवा देणारं. इथे बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी वगैरे भानगड नाही :-) ओळखायची सोपी युक्ती म्हणजे माहीत असलेल्या बोल्टचे दात दुसऱ्याच्या दातांत बसवून उजेडाकडे धरायचे. मधून फट दिसली की पिच वेगळा.

असो. माझ्या भोकाची सफाई झाल्यावर कळलं की पहिले चार-पाच आटे साफ गेलेत आणि आतले दोनच शिल्लक. म्हणजे मेलेत. यावर 'एक साइझ मोठा बोल्ट' हा उपाय सगळे सुचवतात, पण तोही एकदा गेला की पुढे भिंतीत जागाच उरत नाही. त्याऐवजी हेलिकॉइल. स्टेनलेसच्या चौकटच्या आकाराच्या तारेची ही स्प्रिंग. भोक जरासं मोठं करायचं, त्यात तिच्यासाठीचा खास टॅप मारायचा आणि स्प्रिंग पिळून आत बसवायची. आतल्या बाजूने मूळ मापाचेच आटे मिळतात, आणि आता स्टीलचे.

हे मात्र मी लेथवाल्याकडून करून घेतलं, कारण भोक सरळ पडायला हवं. चंदननगरच्या बाजूला एक काका आहेत. त्यांनी टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं, अर्धा फेरा पुढे, पाव मागे, असं करत कीस बाहेर काढला. स्प्रिंगच्या टोकाला पकडायला एक आडवी काडी असते, ती शेवटी मोडून काढावी लागते. काकांनी ती चिमट्याने काढून माझ्या तळहातावर ठेवली. "ही मोजून घ्या. आत राहिली तर गिअर खाईल." नंतर वरून थोडं ऑइल ओतून उरलासुरला कीस धुऊन काढला. इंजिन नंबर होता तसाच!

मग मुळात आटे गेले कशाने? काकांच्या मते वायसरने. बोल्टखालचा मऊ वॉशर दाबून चपटा होण्यासाठीच असतो, एकदा वापरला की संपला. तोच परत लावला की थेंब थेंब ऑइल गळतं, मग बोल्ट आणखी आवळतात, पुढच्या वेळी आणखी. असल्या बोल्टला २५ न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क पुरतो, म्हणजे २० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला जेमतेम तेरा किलोचा जोर. पान्यात दोन फुटी पाइप घातला की तेवढ्याच जोराला तिप्पट टॉर्क बसतो.

मी पाच वॉशर आणून डिकीत टाकलेत. आता सायलेन्सरचा एक स्टड गंजलाय. शुक्रवार रात्रीपासून त्यावर गंज सोडवायचं ऑइल मारून ठेवलंय, दर काही तासांनी पुन्हा मारतोय. बाबा फोनवर म्हणाले, "घाई करू नकोस, इंजिन गरम असताना सोडव."