मुंबई ते लंडन : अंतर किती, वेळ किती?

मुलगी शिकायला लंडनला जाते म्हणाली की आपल्या वस्तीत पहिला प्रश्न येतो, "एवढ्या लांब?" तेव्हा या लांबीचा हिशेब एकदा मांडलेला बरा.

मुंबईच्या विमानतळापासून लंडनच्या हीथ्रो विमानतळापर्यंतचे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. थेट विमानाला जाताना साधारण दहा तास लागतात, येताना तासभर कमी. कारण फार उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. ते जाताना आडवे येतात, परतताना पाठीशी असतात. एखाद्या देशाची हवाई हद्द बंद झाली, तर वळसा पडून वेळ वाढतो.

आता तुलना करा. दादर-नागपूर रेल्वेने साडेआठशे किलोमीटरच्या आत आहे. दीक्षाभूमीला जाताना आपण सारी रात्र गाडीत काढतो. लंडनचे विमान त्याहून कमी वेळात पोहोचते! विमानतळावर मात्र तीन तास आधी जावे लागते.

घड्याळाचीही गंमत समजून घ्या. लंडन आपल्यामागे हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार तास असते. हिवाळ्यात मुंबईहून दुपारी एकला निघालेली मुलगी तिथे संध्याकाळी साडेपाचला उतरते. त्या वेळी आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजलेले असतात. आईने फोनची वाट बघायची ती तेव्हा.

बाबासाहेब पहिल्या गोलमेज परिषदेसाठी ऑक्टोबर १९३० मध्ये मुंबईहून बोटीने निघाले, तेव्हा लंडन गाठायला दोन आठवडे लागले. त्याआधी १९२० साली ते अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करायला परत लंडनला गेले, तेही समुद्रमार्गेच. पैशाची ओढाताण होती आणि घरी रमाई होत्या. पत्राचे उत्तर यायला महिना उलटे. तरीही १९२३ साली लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. पदवी त्यांनी मिळवली.

ते विद्यार्थीदशेत राहिले ते १०, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली घेतले. हीथ्रोहून भुयारी रेल्वेने निघावे, लेस्टर स्क्वेअरला गाडी बदलावी आणि चॉक फार्मला उतरावे. तिथून पायी जाता येते.

खर्चाचे काय? अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्यात फी व निर्वाहभत्त्याबरोबर विमानाचे भाडेही मिळते. अटी आणि मुदत समाजकल्याण कार्यालयात विचारावी. जाहिरात निघाल्यावर धावपळ नको. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, पासपोर्ट आधीच तयार ठेवावे.

बंधू-भगिनींनो, मुलगा जातो म्हणाला तर आपण पेढे वाटतो आणि मुलीला किलोमीटर मोजून दाखवतो. हा दुजाभाव बाबासाहेबांच्या विचारात बसत नाही. दोन आठवड्यांची वाट आता दहा तासांवर आली आहे. उरलेले अंतर आपल्या उंबरठ्याचे आहे, ते आईबापांनीच पार करायचे आहे.

जय भीम!