उरुसाचा रकाना

मी उर्दू शाळेत शिकवते. बी.एड.ला वार्षिक नियोजन करायची सवय लागली, ती घरातही सुटली नाही. यंदा नऊ वर्षांच्या लेकीच्या पियानोचा तक्ता आखला. पियानो कसला, 61 पट्ट्यांचा कीबोर्ड. खऱ्या पियानोला 88 असतात. जून ते ऑगस्ट उजवा हात, मग डावा, डिसेंबरात क्लासच्या मुलांचा कार्यक्रम. रमजानमध्ये सुट्टी.

अडलं ते उरुसाच्या रकान्यात. आम्ही मिरजेचे. ख्वाजा शमना मीरांचा उरूस हिजरी तारखेने येतो, इंग्रजी कॅलेंडरात दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. 1937 साली ते गेले; उरुसात त्यांच्या आठवणीत गाणं-बजावणं होतं, मोठमोठे कलावंत येऊन हजेरी लावतात. लेकीला या वेळी पुढं बसवून ऐकवायचं, असं मी लिहिलं.

सासूबाईंनी तक्ता पाहिला. "लडकी जात, बाजा कायकू?" म्हणाल्या.

मी दहा वर्षांची असताना अब्बा हेच बोलले होते. शेजारच्या पेटीवर बोटं फिरवायचे, ते त्या दिवशी थांबलं. या वेळी गप्प बसवेना. म्हटलं, "अम्मी, लग्नानंतर खाँसाहेबांच्या कबरीवर फातेहा पढायला तुम्हीच मला नेलंत ना?"

त्या तसबीह फिरवत राहिल्या. रात्री मात्र डिसेंबरातल्या कार्यक्रमाची तारीख त्यांनी मला दोनदा विचारली. कशासाठी, ते सांगितलं नाही.