जज्जसाहेबांचा चाकू

वेस्टर्न सिनेमात गोळ्या झाडतात ते शेरीफ आणि दरोडेखोर. जज्ज बिचारा शेवटी फाशी सुनावण्यापुरता येतो. कॅलिफोर्नियाचा डेव्हिड टेरी मात्र वेगळंच प्रकरण होतं. हा गडी राज्याच्या सुप्रीम कोर्टाचा सरन्यायाधीश, आणि अंगावर बोवी चाकू!

जन्म १८२३ चा, केंटकीतला. १८४९ मध्ये सोन्यामागे सगळे धावले तसा हाही कॅलिफोर्नियात आला, स्टॉकटनला वकिली केली आणि १८५५ मध्ये सुप्रीम कोर्टावर चक्क निवडून आला (तिथे तेव्हा जज्ज निवडणुकीने ठरायचे).

पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत 'व्हिजिलन्स कमिटी'ने कायदा हातात घेऊन परस्पर फाशी द्यायला सुरुवात केली. टेरीचा याला विरोध, आणि तो मला पटतो. पण कमिटीचा एक माणूस कुणाला तरी पकडायला आला, तर साहेबांनी त्याच्या मानेत चाकू खुपसला! कमिटीने मग जज्जलाच कित्येक आठवडे डांबलं. जखमी वाचला म्हणून हाही वाचला. आणि १८५७ मध्ये सरन्यायाधीश झाला. बोला आता.

टेरी गुलामगिरीचा कट्टर समर्थक. कॅलिफोर्नियाच्या घटनेत गुलामगिरीला बंदी होती, तरी १८५८ मध्ये त्याच्या कोर्टाने आर्ची ली नावाच्या काळ्या तरुणाला मालकाच्या हवाली केलं. कारण काय, तर मालक वयाने लहान, तब्येतीने नाजूक, आणि अशी ही पहिलीच केस. निकाल सहकाऱ्याने लिहिला, टेरीने सहमती दिली. (आर्ची पुढे सुटला, पण या कोर्टामुळे नव्हे.)

याच वादातून सेनेटर ब्रॉडरिकशी वाजलं. राज्यघटनेनुसार द्वंद्व खेळणाऱ्याला ना पद, ना मतदान. टेरीने काय केलं? राजीनामा दिला आणि आव्हान पाठवलं! १३ सप्टेंबर १८५९ ला लेक मर्सेडजवळ दोघे समोरासमोर उभे राहिले. ब्रॉडरिकच्या पिस्तुलाचा चाप इतका हलका, की गोळी आधीच सुटून जमिनीत गेली. टेरीने मग शांतपणे नेम धरला. ब्रॉडरिक तीन दिवसांनी गेला. शिक्षा? शून्य. उलट १८७८ मध्ये राज्याची नवी घटना लिहायला जी मंडळी बसली, त्यात हा होताच.

त्याच्या रिकाम्या खुर्चीवर आला स्टीफन फील्ड, जो पुढे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेला. हे नाव लक्षात ठेवा.

सॅरा हिल नावाच्या बाईचा दावा होता, की करोडपती शॅरनने आपल्याशी गुपचूप लग्न केलंय. टेरी तिचा वकील. १८८६ मध्ये त्याने तिच्याशीच लग्न केलं. सप्टेंबर १८८८ मध्ये फील्डने निकाल तिच्याविरुद्ध दिला. ती भर कोर्टात ओरडली, मार्शल तिला बाहेर काढायला पुढे झाले, टेरीने एकाला ठोसा लगावला आणि... चाकू काढला. सहा महिने तुरुंग. ज्या माणसाने आयुष्यभर इतरांना कोर्टाचा मान राखायला सांगितलं, त्याची ही तऱ्हा.

बाहेर आल्यावर धमक्या सुरू. म्हणून सरकारने फील्डला नीगल नावाचा अंगरक्षक दिला. १४ ऑगस्ट १८८९, लॅथ्रॉप स्टेशन, सकाळचा नाश्ता. टेरीने फील्डला थोबाडीत मारली आणि नीगलने त्याला तिथेच गोळ्या घातल्या. झडती घेतली तर या वेळी चाकू नव्हता!

राज्याने नीगलला खुनासाठी पकडलं. पण न्यायाधीशाला अंगरक्षक द्यावा असा कायदाच नव्हता. मग तो कोणत्या कायद्यानुसार वागला? १८९० मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं, घटनेतूनच निघणारं कर्तव्यही कायदाच. आमच्या भाषेत, स्पेकमध्ये नाही पण रिक्वायरमेंट आहे. नीगल सुटला. फील्ड अर्थातच त्या बेंचवर बसला नाही.

सॅराकडे मात्र कुणी पाहिलं नाही. १८९२ मध्ये तिला स्टॉकटनच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं. त्याच गावात, जिथे टेरीने वकिली केली होती. ती तिथेच १९३७ मध्ये वारली.