आईपण कोण शिकवते?

मातृत्व उपजतच असते, ते शिकवावे लागत नाही, असे आपण सहज बोलून जातो. चिमणीला घरटे बांधायला कोणी शिकवले, असा दाखलाही देतो. पण ओरांगउटान या वानराची हकीकत वाचनात आली आणि आम्हां उभयतांना याचा नव्याने विचार करावासा वाटला.

मलय भाषेत 'ओरांग हुतान' म्हणजे अरण्यातला माणूस. बोर्निओ आणि सुमात्रा या बेटांवरील जंगलांत हे तांबूस केसांचे प्राणी राहतात. मादी सुमारे साडेआठ महिने गर्भ वाहते, बहुधा एकाच पिल्लाला जन्म देते, आणि दोन बाळंतपणांत सात-आठ वर्षे जातात. नर एकटा हिंडतो. संगोपनाचा सारा भार आईवर. पिल्लू कितीतरी वर्षे तिच्या सहवासात असते. कोणते फळ खावे, फांद्यांची शेज कशी रचावी, हे ते तिच्याकडून शिकते. आई होणे म्हणजे काय, हेही आईकडे पाहूनच त्याच्या मनात उतरत असते.

अमेरिकेतील रिचमंड येथील प्राणिसंग्रहालयातल्या झोईला हे भाग्य लाभले नाही. तिची आई तिच्या बालपणीच गेली. पहिले पिल्लू झाले तेव्हा त्याला उराशी धरायचे असते, हेच तिला उमगेना. ते सेवकांनी वाढवले. दुसऱ्या खेपेस तिला ओरांगउटान मातांच्या चित्रफिती दाखवल्या, कापडी पिल्लू देऊन सराव करून घेतला. १२ डिसेंबर २०२२ रोजी पिल्लू जन्मले. तिने ते कवेत घेतले, पण पाजावे कसे, ते कळेना. तेव्हा तिथलीच एक लेकुरवाळी सेविका आपले तान्हे घेऊन जाळीपलीकडे बसली आणि त्याला पाजू लागली. झोई निरखून पाहत राहिली. चोवीस तासांच्या आत तिचे पिल्लूही दूध पिऊ लागले.

प्रत्येक वेळी असे घडतेच असे नाही. आयर्लंडमधील डब्लिनच्या प्राणिसंग्रहालयातल्या मुजुरची आधीची दोन पिल्ले, २०१९ आणि २०२२ साली जन्मलेली, दगावली होती. २०२४ मध्ये तीस माता आपापली बाळे घेऊन तिच्यासमोर येऊन बसल्या. पिल्लाचा बाप सिबू त्याच वर्षाच्या प्रारंभी वारला होता. ३१ जुलैला पिल्लू झाले. मुजुरने या वेळी माया दाखवली. पण पाजण्यासाठी त्याला नीट धरणे तिला साधले नाही. अखेर पिल्लाला बाटलीने दूध द्यावे लागले आणि पुढे ते इंग्लंडमधील एका आश्रयस्थानी पाठवले गेले.

आमच्या घरी पहिले बाळ आले तेव्हा आमच्या दोघांच्याही आया हयात नव्हत्या. बाळ रात्ररात्र रडे, दूध घेत नसे. आम्ही पुस्तक उघडून बसत होतो. तिसऱ्या दिवशी शेजारच्या मावशी बोलावल्याविना आल्या. त्यांनी उपदेश केला नाही. बाळाची मान हाताच्या कोपरात कशी टेकवायची, ते करून दाखवले आणि भिंतीला पाठ लावून मुकाट्याने बसून राहिल्या. त्या बसल्या होत्या, म्हणून आमचा धीर टिकला. पित्याचेही काही शिक्षण त्याच दुपारी झाले: पाणी तापवणे, दुपटी वाळत घालणे, आणि घाबरलेल्या बाळंतिणीपुढे स्वतः न घाबरणे.

पूर्वी एका छपराखाली काकू, आत्या, वहिनी नांदत; मुली खेळता खेळता बाळंतपणे पाहत. आता घरे लहान झाली आहेत. आमची लेक परगावी नोकरी करते. तिला आठवा महिना आहे. आपल्या हातून तान्हे बाळ कधी हाताळले गेले नाही, असे ती परवा दूरध्वनीवर म्हणाली, आणि थोडा वेळ गप्प राहिली. जावईही तिच्याइतकेच नवखे आहेत.

आम्ही पुढच्या आठवड्यात तिच्याकडे जात आहोत. सांगण्यासारखे आमच्यापाशी फार नाही. भिंतीला पाठ लावून बसण्यापुरती जागा तिने द्यावी, एवढेच मागणे आहे.