मेण झाडाचं की कारखान्यातलं?

रविवार, चिक्कडपल्ली.

गाडी धुऊन झाली, आता प्रश्न मेणाचा. मन ओढतं कार्नौबाकडे. ईशान्य ब्राझीलमधलं हे ताडासारखं झाड. पानातलं पाणी उडू नये म्हणून पानांवर मेणाचा थर चढवतं. हे मेण वितळायला 80 अंशांहून अधिक उष्णता लागते. गडद रंगाला त्यानं अशी खोली येते की बघत राहावं. पण टिकतं काही आठवडेच. कृत्रिम सीलंटमधले पॉलिमर रंगाला घट्ट धरतात, काही महिने टिकतात; झळाळी मात्र जरा कोरडी.

आमच्या गल्लीत गाडीला छप्पर नाही. मे महिन्यातलं चाळिशीपारचं ऊन, कबुतरं, मेट्रोखालच्या रस्त्याची धूळ, बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग. इथं देखणेपणापेक्षा टिकाऊपणा मोठा. तेव्हा वर्षभर सीलंटच. दसऱ्याच्या गाडीपूजेआधी मात्र त्यावर कार्नौबाचा पातळ हात द्यायचा. हा क्रम उलटा चालत नाही. खाली मेण असलं की सीलंट रंगाला नीट धरत नाही.

आणि हात द्यायचा तो सकाळी, सावलीतच. तापल्या पत्र्यावर मेण चटकन सुकतं, मग पुसता पुसलं जात नाही.